‘मला वाटते’ याचे इंग्रजी

मराठी मनुष्य आपला विचार सांगू लागला की, त्याच्या बोलण्याचा आरंभ बहुधा ‘मला वाटते’ या दोन शब्दांनी होतो. पाऊस येईल असे वाटते. सभेतील ठराव चुकीचा वाटतो. घरी जावेसे वाटते. अंधाराची भीती वाटते. गाडी चुकली असे वाटते. पहिल्या वाक्यात अंदाज आहे, दुसऱ्यात मत, तिसऱ्यात इच्छा, चौथ्यात भावना, आणि पाचव्यात शंकेबरोबर थोडा खेदही आहे. परंतु क्रियापद एकच. आपल्या भाषेत अर्थाचा हा भार संदर्भ आणि बोलण्याची लकब वाहून नेतात. इंग्रजीत तो निरनिराळ्या शब्दांवर पडतो. मुलांच्या वह्यांत जेथे तेथे ‘आय थिंक’ आढळते, त्याचा सगळा दोष मुलांकडे जात नाही. एका मराठी शब्दास एक इंग्रजी शब्द, अशी जोडी फळ्यावर आपणच लिहून दिलेली असते. राज्यात इ. स. २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाऊ लागले, तेव्हापासून ही जोडी पक्की करण्याचे किंवा सोडविण्याचे काम प्राथमिक शिक्षकाकडे आले आहे.

आरंभी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मराठीत विचार ‘मला’ वाटतो, म्हणजे तो माझ्याकडे येतो. इंग्रजीत ‘मी’ विचार करतो. ही रचना आपल्यापुरतीच आहे असे मात्र नव्हे. जुन्या इंग्रजीत विचार करणे आणि वाटणे यांसाठी दोन निराळी क्रियापदे होती. त्यांचे उच्चार जवळजवळचे असल्यामुळे कालांतराने ती एकमेकांत मिसळली आणि ‘थिंक’ तेवढे उरले. दुसऱ्या क्रियापदाचा अवशेष म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांत भेटणारा ‘मीथिंक्स’ हा शब्द. त्याचा शब्दशः अर्थ ‘मला वाटते’ असाच आहे! वरच्या वर्गातील मुलांस हे सांगावे. आपली भाषा वाकडी आणि इंग्रजी सरळ, असा जो एक समज लहान वयात नकळत रुजतो, तो याने थोडा ढिला होतो.

आता शब्द निवडावा कसा? आपल्या विधानास आधार कशाचा आहे, हे पाहून निवडावा. हे समजाविण्यास एक पत्र्याचा डबा पुरे. डब्यात मुलांच्या नकळत एक वस्तू ठेवून झाकण लावावे आणि आत काय आहे ते विचारावे. डब्याला हातही न लावता मूल जे सांगेल ते ‘आय गेस’. डबा हलवून, आवाज व वजन पारखून सांगेल ते ‘आय थिंक’. वस्तू ठेवताना पाहिलेल्या मैत्रिणीने हळूच सांगितले आणि त्या भरवशावर मूल बोलले, तर ‘आय बिलीव्ह’. झाकण उघडल्यावर ‘आय नो’. सर्व इंग्रजी या डब्यात मावते असे नव्हे. अमेरिकेत तर साध्या ‘मला वाटते’ साठीही लोक सर्रास ‘आय गेस’ म्हणतात. परंतु शब्दामागे आधार असतो ही गोष्ट मुलाच्या मनात एकदा बसली, म्हणजे पुढील बारकावे त्यास जड जात नाहीत.

‘बिलीव्ह’ या शब्दाचा अर्थ आपण ‘विश्वास ठेवणे’ असा सांगतो व तेथेच थांबतो. त्यामुळे ‘आय बिलीव्ह द बस लीव्हज ॲट फाइव्ह’ हे वाक्य मुलांस चमत्कारिक वाटते. बसवर विश्वास कसला ठेवायचा? येथे अर्थ एवढाच की, माझ्या माहितीप्रमाणे बस पाचला सुटते, पण मी स्वतः खात्री केलेली नाही. श्रद्धेचा अर्थ हवा असेल तेथे मागून ‘इन’ येतो. ‘सपोज’ची अडचण निराळी आहे. तो शब्द अंकगणितातील ‘समजा’ या रूपाने आपल्या डोक्यात बसला आहे. ‘आय सपोज ही इज ॲट होम’ म्हणजे ‘समजा तो घरी आहे’ असे नव्हे. ‘तो बहुधा घरी असेल’ असे. ‘फील’ने सांगितलेल्या मतात बोलणाराचे मन गुंतलेले असते. एखाद्या मुलीवर अन्याय झाला असे सांगताना ‘आय फील’ शोभते. सात आठे छप्पन्न सांगताना शोभत नाही. ‘कन्सिडर’ हा भारदस्त शब्द आहे. सर्व बाजू पाहून ठरविलेल्या मतासाठी तो वापरावा; ‘मी त्याला प्रामाणिक समजतो’ याचे इंग्रजी ‘आय कन्सिडर हिम ऑनेस्ट’, मध्ये ‘ॲज’ची गरज नाही. शब्दाचा अर्थ कळला तरी त्याची वाक्यातील बैठक कळेलच असे नाही. हॉर्न्बी यांचा शब्दकोश १९४२ मध्ये जपानात व १९४८ मध्ये ऑक्सफर्डतर्फे निघाला, तेव्हापासून शिकणाऱ्यांच्या कोशांत क्रियापदाचे नमुनेही दिलेले असतात. कोश उघडल्यावर अर्थ पाहून तो लगेच मिटू नये.

या साऱ्या शब्दांत मला सर्वांत महाग पडला तो ‘डाउट’. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गातील एक मुलगा फळ्यावरचे उतरवून घेताना फार चुका करी. त्याचे डोळे तपासून घ्यावेत म्हणून मी त्याच्या वडिलांजवळ इंग्रजीत चिठ्ठी दिली. याची दृष्टी अधू असावी असा मला संशय आहे, हे मला कळवायचे होते. मी लिहिले, ‘आय डाउट दॅट हिज आयसाइट इज वीक’. वाचणाऱ्याने त्याचा अचूक इंग्रजी अर्थ घेतला, तो असा की, याची दृष्टी अधू असेल असे गुरुजींस वाटत नाही. वरवर तपासणी होऊन मुलगा परत आला. त्यास चष्मा मिळेपर्यंत दुसरे वर्ष उजाडले. तोवर तो वर्गात आळशी म्हणून गणला गेला, आणि तसे गणणाऱ्यांत मीही होतो.

मराठीत ‘संशय’ आणि ‘शंका’ हे शब्द दोन्हीकडे झुकतात. इंग्रजीत ‘डाउट’ नकाराकडे झुकतो व ‘सस्पेक्ट’ होकाराकडे. मला लिहावयास हवे होते ‘आय सस्पेक्ट’. चोरीच्या तक्रारीत हीच चूक झाली, तर ज्याच्यावर आळ घ्यायचा तो निर्दोष ठरतो. वर्गात मुले ‘सर, आय हॅव अ डाउट’ म्हणतात, तेथेही ‘क्वेश्चन’ हा शब्द बरा.

‘माझ्या मते’ याचे ‘अकॉर्डिंग टू मी’ असे भाषांतर आपल्याकडे इतके रुळले आहे की, ते चूक आहे असे सांगणाराच चुकतो की काय असे वाटावे. तरीही सांगितले पाहिजे. ‘अकॉर्डिंग टू’ दुसऱ्याच्या आधाराने बोलताना येते: वेळापत्रकानुसार, वर्तमानपत्रानुसार, डॉक्टरांच्या म्हणण्यानुसार. स्वतःपुरते ‘इन माय ओपिनियन’ म्हणावे, किंवा साधे ‘आय थिंक’ही चालते. मागील दारी काय खेळावे, याविषयी बोलताना तर ‘ओपिनियन’ उगाच पागोटे घातल्यासारखा दिसतो.

नकार कोठे ठेवावा याविषयी दोन शब्द. ‘तो येणार नाही असे मला वाटते’ आणि ‘तो येईल असे मला वाटत नाही’ ही दोन्ही वाक्ये मराठीत सहज बोलली जातात. इंग्रजीचा ओढा दुसरीकडे आहे: ‘आय डोन्ट थिंक ही विल कम’. परंतु ‘होप’ला हा नियम लागत नाही, तेथे ‘आय होप नॉट’ असेच म्हणतात. तसेच मत सांगताना ‘आय ॲम थिंकिंग दॅट’ असे लिहू देऊ नये. ‘आय ॲम थिंकिंग’ म्हणजे विचार अजून चालू आहे. मत झाले म्हणजे विचार संपला, निदान तेवढ्यापुरता तरी.

सहावी-सातवीच्या वर्गास पुढील वाक्ये इंग्रजीत करावयास द्यावीत. आभाळ भरून आले आहे, पाऊस पडेल असे वाटते. दार बंद आहे, गुरुजी गावाला गेले असावेत. आजी म्हणते म्हणून सांगतो, ही विहीर शंभर वर्षांची आहे. त्याने माझी पाटी घेतली असा मला संशय आहे. मला वाटले तू येणार नाहीस. दुसऱ्या वाक्यास ‘थिंक’ व ‘सपोज’ दोन्ही चालतील. दोन मुलांची उत्तरे निराळी आली तर दोघांसही आधार विचारावा आणि दोन्ही उत्तरे बरोबर धरावीत. शेवटच्या वाक्यात ‘आय थॉट’ येईल. तो मुलगा समोर येऊन उभा आहे हे त्या ‘थॉट’मध्येच आले, आणि मराठी ‘वाटले’मध्येही ते तसेच येते.