साखर उतरली, पोलिसांना वाटली दारू

प्रश्न : बाबा इन्सुलिन घेतात, स्कूटर चालवतात. साखर कमी झाली की अडखळत बोलतात, चिडतात. नाकाबंदीत पोलिसांना ते प्यायलेले वाटले तर?

उत्तर : तुमची भीती रास्त आहे. १९८४ साली अमेरिकेतल्या शार्लट शहरात डेथॉर्न ग्रॅहम या मधुमेही माणसावर हाच प्रसंग आला. साखर उतरतेय म्हणून तो ज्यूस घ्यायला दुकानात शिरला आणि रांग बघून घाईने बाहेर पडला. पोलिसांना संशय आला. मित्र आजार सांगत होता, तरी एक पोलीस ‘प्यायलाय’ म्हणत राहिला. बेड्या पडल्या, ज्यूस मिळाला नाही, पायाचं हाड मोडलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८९च्या त्या निकालाने तिथे पोलिसी बळाच्या वापराचा निकष ठरवला.

साखर ७०च्या बरीच खाली गेली की मेंदूला इंधन पुरत नाही. घाम फुटतो, जीभ जड होते, माणूस भांडतोसुद्धा. अशा वेळी तो स्वतःची बाजू मांडूच शकत नाही. म्हणून बाबांच्या खिशात ‘मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो’ असं ठळक मराठीत लिहिलेलं कार्ड ठेवा, सोबत ग्लुकोजची पुडी. शुद्धीत असतील तर तीन-चार चमचे पाण्यातून लगेच द्यायचे. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही न घालता १०८.

अटक झालीच, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३नुसार वैद्यकीय तपासणी व्हायलाच हवी. तिथे ग्लुकोमीटरने साखर मोजायचा आग्रह धरा आणि आकडा वेळेसह नोंदवून घ्या. मात्र साखर तपासल्याशिवाय बाबांच्या हाती किल्ली देऊ नका.