खराटा आणि गाडगे : दोन चिन्हांचा सामाजिक अर्थ

लोककार्यात रूढ झालेली चिन्हे सर्वांच्या ओळखीची असतात. त्यामुळे त्यांचा अर्थही सर्वांना एकच जाणवतो, असे आपण बहुधा गृहीत धरतो. गाडगेबाबांच्या (१८७६-१९५६) संदर्भात हे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे.

बाबा गावात शिरताच रस्ते झाडू लागत. कीर्तन होई ते रात्री. हा क्रम अर्थनिर्मितीच्या दृष्टीने निर्णायक आहे. कीर्तनपरंपरेत कीर्तनकार वंदनीय मानला जातो, श्रोते त्याच्या पाया पडतात. येथे मात्र दिवसा ज्याला घाण उपसताना पाहिले, तोच रात्री उपदेशाला उभा राही आणि पाया पडू पाहणाऱ्यांना काठी उगारून दूर सारी. वंदनाचा संकेत असा मोडला नसता, तर खराटा केवळ संताच्या नम्रतेचे भूषण ठरला असता. शिवाय निरूपणाच्या जागी वऱ्हाडी बोलीतले साधे प्रश्न येत आणि समुदाय एकमुखाने उत्तरे देई. अर्थ सांगितला जात नसे. तो श्रोत्यांकडून वदवून घेतला जाई.

परंतु याच दोन वस्तूंची आणखी एक स्मृती आहे. पेशवाईतील पुण्यात अस्पृश्यांना कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधावे लागे, याचा निर्देश डॉ. आंबेडकरांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये (१९३६) केला आहे. तेथे झाडू स्वतःचीच पावले पुसण्यासाठी आणि मडके थुंकी झेलण्यासाठी होते. बाबांनी तेच मडके अन्नपाण्याचे पात्र केले आणि झाडू स्वेच्छेने हाती घेतला. वस्तू त्याच, फरक सक्ती आणि निवड यांतला आहे. ज्यांच्या वाट्याला झाडू जन्माने आला, त्या श्रोत्याला हा फरक इतरांहून अधिक तीव्रतेने जाणवला असणार. (बाबांच्या चरित्रांकडे या श्रोत्याच्या बाजूने पाहणे अगत्याचे वाटते.) पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, ही घटनाही या संदर्भात वाचावयास हवी.

२०००-०१ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावे स्पर्धेत उतरली, अनेक ठिकाणी मोठे काम उभे राहिले. ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र मान्यवरांच्या हाती झाडू छायाचित्रापुरता येतो आणि दुसऱ्या दिवशी तो पूर्वीच्याच हातांत परततो, तेव्हा निवडीचा अर्थ गळून पडलेला असतो. कीर्तनात प्रश्न बाबा विचारीत आणि उत्तर गाव देई. अभियानात प्रश्न तपासणी समितीचे असतात आणि उत्तरांना गुण मिळतात.