मागच्या टाकीतलं पाणी

बावीस वर्षं मी लष्कराची गाडी चालवली. आता साताऱ्यात भरतीची तयारी करणारी पोरं संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसतात. त्यातला कोणी ड्रायव्हर व्हायचं म्हणाला, की मी त्याला सगळ्यात आधी एअर ब्रेकच्या टाकीची गोष्ट सांगतो. इथेही तीच सांगतो.

नोव्हेंबर सरत आला होता. श्रीनगरहून झोजी ला ओलांडून आमचा काफिला लडाखमध्ये चढला, तेव्हा वाटेत पाऊस आणि बर्फ दोन्ही लागलं होतं. कारूला पोहोचलो. पुढे चांग ला ओलांडून डुरबुककडे रसद न्यायची होती. रात्री पारा उणे पंधराच्या खाली जायचा.

फौजेत गाडीच्या तीन परेड असतात. निघण्यापूर्वी फर्स्ट परेड, वाटेत थांबलं की हॉल्ट परेड आणि गाडी उभी केली की लास्ट परेड. तेल, पाणी, हवा, बॅटरी, नटबोल्ट, गळती हे सगळं ड्रायव्हरने स्वतः हात लावून बघायचं. लास्ट परेडमध्ये आणखी एक काम असतं, ब्रेकच्या हवेच्या टाक्यांमधलं पाणी काढायचं. कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून टाकीत भरतो. ती हवा थंड झाली की तिच्यातला ओलावा पाणी होऊन तळाला साचतो. टाकीखालचा कॉक उघडला की ताकासारखं पांढरट, तेलकट पाणी फसफसत बाहेर येतं. ते संपून कोरड्या हवेचा स्वच्छ फुस्स आवाज येईपर्यंत कॉक धरून ठेवायचा.

आमच्या गाडीला अशा तीन टाक्या होत्या. दोन बाजूने हाताला लागायच्या. तिसरी मागच्या चाकांकडे आत होती, तिच्यासाठी बर्फात पाठीवर झोपून गाडीखाली सरकावं लागायचं. कारूला पोहोचल्यापासून मी दोनच टाक्या रिकाम्या करत होतो. लडाखची हवा कोरडी आहे, मागच्या टाकीत पाणी येणार कुठून, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. खालून येताना प्यालेलं पाणी तिच्या पोटात तसंच आहे, हे डोक्यात आलं नाही. आणि मेंटेनन्सच्या वहीत तिन्ही टाक्यांपुढे माझी सही होती.

चौथ्या दिवशी मला ताप होता. स्टिअरिंगवर बीडचा एक पोरगा बसला, नोकरीला जेमतेम दोन वर्षं झालेला. मी शेजारी. त्याने निघताना वही बघितली आणि म्हणाला, "उस्ताद, तुमची सही आहे म्हणजे झालं." सपाटीवर ब्रेक दाबून पाहिला, गाडी थांबली. पुढच्या चाकांनी थांबवली होती, मागची लागलीच नव्हती. पण हळू वेगात ते कळत नाही. मग साडेसतरा हजार फुटांपर्यंत सगळा चढ. चढाला ब्रेकचं काम नाही, आणि टाकीतून सरकून मागच्या व्हॉल्व्हमध्ये गोठलेलं पाणी तेवढ्या वेळात आणखी घट्ट झालं.

उताराच्या तिसऱ्या वळणावर त्याने ब्रेक दाबला. प्रेशरचा काटा टाकी भरलेली दाखवत होता. पुढची चाकं बर्फावर लॉक झाली, मागची फिरतच राहिली, गाडी दरीच्या बाजूला सरकू लागली. पोरगा हुशार. त्याने ब्रेक सोडला, चाकं फिरू दिली, स्टिअरिंग डोंगराकडे ओढलं आणि गाडी कड्यावर घातली. केबिन त्याच्या बाजूने आत आली. त्याचा गुडघा चेपला गेला.

रिकव्हरीच्या गाडीबरोबर आलेला मेकॅनिक गाडीखाली शिरला. गरम पाण्यात बुडवलेलं फडकं त्याने मागच्या कॉकवर धरलं, मग खाली चहाचा मग लावला. मग भरला. तो माझ्या हातात देऊन मेकॅनिक पुढच्या कामाला लागला. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सही खोटी होती हे सांगितलं. शिक्षा झाली, ती योग्यच होती. पोरगा मात्र लो मेडिकल कॅटेगरीत गेला, म्हणजे पूर्ण ड्यूटीसाठी अपात्र ठरला.

म्हणून पोरांनो, टाकी संध्याकाळीच रिकामी करा, गाडी गरम असताना. सकाळी पाण्याचा बर्फ झालेला असतो, कॉक उघडला तरी काही येत नाही आणि टाकी कोरडी आहे असं वाटतं. डिझेलची टाकीही रात्रीच भरून ठेवा, रिकाम्या जागेतल्या हवेचं पाणी तिथेही होतं. उतारानंतर थांबलात की चारही ड्रमजवळ हाताची उलटी बाजू न्या, चटका बसेल म्हणून जपून. तीन गरम आणि एक गार असेल, तर त्या गार चाकाचा ब्रेक काम करत नाही. एकच फार तापला असेल, तर तो चिकटून राहतोय. पूर्वी एखाद्या उतारानंतर मी हॉल्ट परेड नीट केली असती, तर माझ्या हातानेच मला सावध केलं असतं.

वर्कशॉप आहे, गाड्या दुरुस्त करणारी ईएमई आहे, ते बघतील, असं म्हणू नका. ती माणसं फार कसबी, पण तुमची गाडी त्यांच्या हाताखाली काही महिन्यांनी एकदा येते, तुमच्या हाताखाली रोज. रायफलीच्या बाबतीत आम्ही कधी टाळाटाळ केली नाही, कारण नळी उजेडाकडे धरली की मळ कोणालाही दिसतो. गाडीच्या पोटातलं कोणाला दिसत नाही. तिथे तुमच्या सहीवरच पुढचा माणूस बसतो.

थकाल. हात बधिर होतील, आडवं पडून गाडीखाली जायची ताकद उरणार नाही, असे दिवस येतील. त्या दिवशी रकान्यात सही करू नका, "मागची टाकी राहिली" असं लिहा आणि गाड्यांचं काम बघणाऱ्या एमटी हवालदाराला तोंडाने सांगा. ओरडा बसेल. मग तो दुसऱ्या कोणाला तरी गाडीखाली पाठवील.