कान लांब म्हणून आयुष्य लांब?

प्रश्न : आमच्या वसाहतीत सध्या चिनी मुखपरीक्षेचे व्हिडिओ मोबाईलवर फिरताहेत. कान लांब असले की माणूस खूप जगतो, नाक मांसल असले की पैसा टिकतो, असे त्यात सांगतात. माझ्या सासूबाई ९१ वर्षांच्या आहेत आणि त्यांचे कान खरोखरच मोठे आहेत. शेजारच्या काकू म्हणतात, आपल्या सामुद्रिकातही हेच आहे. दोन देशांनी सांगितलेले खोटे कसे असेल?
— एक वाचक, एकलहरे (नाशिक)

उत्तर : सासूबाईंच्या कानांपासूनच सुरुवात करू, कारण तुमचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. म्हाताऱ्या माणसांचे कान मोठे असतातच. जेम्स हीथकोट नावाच्या एका इंग्रज डॉक्टरांना हाच प्रश्न पडला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिशीपुढच्या २०६ रुग्णांचे कान चक्क पट्टीने मोजले. वयाच्या दर वर्षामागे कानाची लांबी सरासरी ०.२२ मिलिमीटरने जास्त भरते, असा हिशेब त्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केला. पन्नास वर्षांचे झाले ११ मिलिमीटर, म्हणजे सेंटीमीटरभर. वयाबरोबर कातडीची लवचीकता जाते आणि पाळी ओघळते. त्यात आपल्या जुन्या बायकांनी जड कुड्या-बुगड्या जन्मभर वागवलेल्या. कित्येकींच्या पाळीचे भोक ओघळून फटीसारखे झालेले तुम्ही पाहिले असेल.

तेव्हा सासूबाई कान लांब म्हणून ९१ वर्षे जगल्या नाहीत, ९१ वर्षे जगल्या म्हणून कान लांब झाले. मुखपरीक्षेने पाहिले ते खरेच, फक्त कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली.

आता दोन देशांचे कसे जुळले ते पाहू. चिनी मुखपरीक्षेला ‘मियान श्यांग’ म्हणतात. तिच्यात चेहऱ्याचे तीन मजले असतात : कपाळ तरुणपणाचे, भुवयांपासून नाकाच्या शेंड्यापर्यंतचा भाग मध्यम वयाचा आणि हनुवटीकडचा म्हातारपणाचा. कपाळ, नाक, हनुवटी आणि गालांची दोन हाडे हे पाच पर्वत. शिवाय वयाची वर्षेही चेहऱ्यावर वाटून दिलेली. पहिली चौदा कानांकडे, एकेचाळीस ते पन्नास नाकाकडे. नाक हे धनाचे घर. (धन नाकावरून ठरत असते, तर तुमच्या जवळच्या नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये नाके मोजूनच भरती झाली असती.)

आपले सामुद्रिकही जुनेच. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त स्त्री-पुरुषांच्या लक्षणांवर स्वतंत्र अध्याय लिहिले. बौद्ध परंपरेत महापुरुषाची ३२ लक्षणे आणि ८० उपलक्षणे आहेत. उपलक्षणांत लांब कान येतात. त्यासाठी फार लांब जायला नको. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून त्रिरश्मीवर जा आणि बुद्धमूर्तींचे कान पाहा. पाळ्या चांगल्या लांब कोरलेल्या दिसतील. त्याचा एक उलगडा असाही देतात, की राजपुत्र सिद्धार्थाच्या कानांत जड कुंडले असत. ती त्याने काढून टाकली, ओढलेल्या पाळ्या मात्र तशाच राहिल्या. म्हणजे पुन्हा तुमच्या सासूबाईंच्या कुड्यांचीच गोष्ट.

बौद्ध धर्म इसवी सनाच्या सुरुवातीला चीनमध्ये गेला आणि मूर्तींबरोबर हे कानही गेले. मुखपरीक्षा चीनमध्ये त्याच्याही आधीपासून होती, पण लांब कानांच्या मोठेपणावर बौद्ध छाप असावी, असे अभ्यासकांना वाटते. दोन साक्षीदार एकमेकांशी बोलून आलेले असतील, तर त्यांच्या जबान्या जुळण्याचे नवल नाही. लिऊ बेई या चिनी राजाचे कान इतके मोठे होते, की ते त्याला स्वतःलाच दिसत, असे लिहून ठेवले आहे. तो २२३ साली वारला, साठी ओलांडून जेमतेम दोन-तीन वर्षे झाली होती.

आणि चीनमध्ये सगळ्यांनीच माना डोलावल्या असेही नाही. श्युन्झी या तत्त्वज्ञाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच मुखपरीक्षेविरुद्ध एक प्रकरण लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की चेहरा पाहण्यापेक्षा माणसाचे मन पाहावे, आणि मनापेक्षाही त्याने कोणती वाट धरली आहे ते पाहावे.

नाकाचे प्रकरण मात्र नुसते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. १८३१ साली ‘बीगल’ जहाजाचा कप्तान फिट्झरॉय याने डार्विनचे नाक पाहून, अशा नाकाच्या माणसात सफरीला लागणारा दम असेल का, अशी शंका घेतली होती. नाकाने थोडक्यात घात केला असता! पुढे कवट्या मोजून वंशांची बुद्धी ठरवण्याचे वेड आले. आपल्या इरावती कर्वे बर्लिनला डॉक्टरेट करत होत्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचा कयास होता, की गोऱ्या युरोपीय माणसांची कवटी विशिष्ट प्रकारे असमान असते आणि त्यातच त्यांची श्रेष्ठ बुद्धी आहे. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि असा वांशिक फरक सापडत नाही, असे स्वच्छ लिहून दिले. ते १९३० च्या सुमाराचे बर्लिन होते, हे लक्षात घ्या.

मग चेहऱ्यावरून नशीब कधीच ठरत नाही का? ठरते, पण ते ठरवतो पाहणारा. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या प्रयोगात (२००६) अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दाखवला, तरी लोकांनी तो विश्वासू आहे की नाही याचे मत बनवले. जास्त वेळ दिल्यावर मत फारसे बदलले नाही, फक्त खात्री वाढली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने येतात म्हणतात ना, ती तिच्या नाकातून येत नाहीत, पोहे खात बसलेल्या पाहुण्यांकडून येतात. सटवाईने कपाळावर काय लिहिले ते कुणी वाचलेले नाही; पाहुण्यांचा नकार मात्र मुलीला ऐकावा लागतो.

तेव्हा व्हिडिओ करमणूक म्हणून खुशाल बघा. सून, जावई किंवा नोकरीला माणूस निवडताना मात्र तो आठवू नका. आणि सासूबाईंचा चेहरा रोज जरूर न्याहाळा : डोळे पिवळे दिसले, पापणीची आतली बाजू पांढुरकी वाटली किंवा तोंड एका बाजूला वाकडे झाले, तर ताबडतोब डॉक्टर गाठा. तोंड वाकडे झाले असेल तर संध्याकाळची वाटही पाहू नका.