हवा वाढवलीस, पेट्रोलचं काय?

म्हसवड,
कार्तिक वद्य पंचमी

चि. बाळ्यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री आपल्या धाकट्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, "बघा, दादानं काय केलंय." त्याला इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या त्या ब्लोअरच्या चढत्या आवाजाचं कौतुक. मी मात्र तो व्हिडिओ थांबवून थांबवून बघत होतो. बॉनेट उघडं आहे, तू हसतोयस, आणि तुझ्या कोपराखालून इंजेक्टरकडं पेट्रोलची नळी गेलीय. साधी, बिनजाळीची, किराणा दुकानाशेजारच्या हार्डवेअरमध्ये मिळते तसल्या क्लिपनं आवळलेली. आणि ती नेलीस कुठून, तर एक्झॉस्टच्या पाइपावरून.

आज सकाळी सिद्धनाथाला गेलो तर तिथं चाकणहून आलेले आपले पाव्हणे भेटले. त्यांनी जे सांगितलं त्यानं माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. तू रात्री अकरा वाजता ती गाडी तळेगावच्या रस्त्याला पळवतोस म्हणे. मागच्या आठवड्यात बेल्ट तुटला आणि बॉनेटमधून धूर आला म्हणे. तो धूर रबराचा होता की पेट्रोलचा, एवढंच मी त्यांना विचारलं. त्यांना सांगता येईना. तू सांग. मला खोटं सांगू नकोस, इंजिनाच्या बाबतीत तरी नको.

तुझ्या आईला, अक्काला यातलं काही कळू दिलेलं नाही. दाजींचं पिलीवच्या पुढं जे झालं त्यानंतर ती रात्री फोन वाजला की आधी माझ्या तोंडाकडं बघते. तुला हे लिहून दाखवायची गरज नव्हती, पण तू विसरलास की काय असं वाटलं म्हणून लिहिलं.

तू गाडी घेतलीस तेव्हा मी एका शब्दानं नाही म्हणालो नव्हतो. उलट अक्काला मीच समजावलं. सॅन स्टॉर्म ही गोव्यात बनलेली गाडी, १९९८ ची, आपल्या देशात दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार काढायचं धाडस कुणी केलं तर त्या सॅनवाल्यांनी. ११४९ सीसीचं रेनोचं इंजिन, साठेक अश्वशक्ती, आणि वर हलकी फायबरची बॉडी. अशी गाडी एखाद्या पोरानं भंगारात जाऊ न देता उभी करावी, याचा मला अभिमानच वाटला. पण हीच फायबरची बॉडी आता माझ्या डोक्यातून जात नाही. पत्रा तापतो, काळा पडतो, तरी थोडा वेळ देतो. फायबरनं एकदा पेट घेतला की तो माणसाला बेल्ट सोडायला वेळ देत नाही. म्हणून सारखं त्या नळीचं विचारतोय.

ब्लोअर कुठला आणलास ते मी ओळखलं. मर्सिडीजच्या कॉम्प्रेसर गाडीवरचा ईटनचा आहे, मुंबईच्या भंगारातून आणलेला असणार. वस्तू चांगली आहे. ब्रॅकेट तू स्वतः कापून वेल्ड केलंस आणि पुली लेथवर काढून घेतलीस, तेही चांगलं. हात तुझा सुरेख आहे, हे मी तू सातवीत असताना पंपाचं इंपेलर उघडलंस तेव्हाच सांगितलं होतं. पण बाळ्या, तू डोळ्यांना दिसणारं तेवढंच केलंस.

तुझं डिप्लोमाचं थर्मलचं पुस्तक आपल्या माळ्यावर आहे. रात्री झोप येईना तेव्हा ते काढलं आणि कागद घेऊन बसलो. हवा ४० अंशांची धर, आपल्याकडं उन्हाळ्यात असते ती. तिचा दाब दीडपट केलास तर ब्लोअर अगदी आदर्श असला तरी ती ७८ अंशांवर जाते. तुझा रूट्स जातीचा, त्याची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर हवा निघते ११० अंशांच्या आसपास. तापलेली हवा विरळ. म्हणजे दाब दीडपट झाला तरी सिलिंडरमध्ये हवा सव्वापटसुद्धा जात नाही. त्यातून ब्लोअर फिरवायला लागणारा जोर बेल्ट आधीच काढून घेतो. साठाचे सत्तर झाले तर पुष्कळ झाले. मधे इंटरकूलर असता तर हिशेब वेगळा झाला असता, पण तुझा पाइप ब्लोअरमधून सरळ मॅनिफोल्डात गेलाय. त्या दहा अश्वशक्तींसाठी तू इंजिनाला किती ताप दिलास, याचा हिशेब मांडलास का?

आणि पेट्रोल? नेहमीच्या चालण्याला वजनानं एका भाग पेट्रोलला हवा १४.७ भाग. ब्लोअर जोरात असताना ते साडेअकरा-बारावर आणावं लागतं, कारण जादा पेट्रोल आतली उष्णताही खातं. तुझे इंजेक्टर साठ अश्वशक्तीच्या मापाचे. गाडीचा कॉम्प्युटर बाहेरच्या हवेच्या दाबाएवढंच मोजायला शिकवलेला, त्याच्या वर गेलेला दाब त्याला कळतच नाही. तो बिचारा जुन्याच मापानं पेट्रोल देत राहणार आणि स्पार्कही जुन्याच वेळी टाकणार. मग मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, टिणटिण ठोके सुरू होतात, आणि तुझ्या त्या ब्लोअरच्या आवाजात ते ठोके तुला ऐकूच येणार नाहीत. पिस्टनच्या डोक्याला भोक पडलेलं मी ट्रॅक्टरमध्ये पाहिलंय. पोरगं म्हणत होतं, "कालपर्यंत झक्कास चालत होता."

हे तुला ठाऊक असणार, नाहीतर तू रेग्युलेटर बदलून पेट्रोलचा दाब वाढवायच्या मागं लागला नसतास. पाव्हण्यांनी तेही सांगितलं, त्यांना त्याचा अर्थ कळला नव्हता, मला कळला. मूळ तीन बारच्या आसपासचा दाब तू चार-पाचवर नेणार आणि तो वाहणार त्या नळीतून. कार्ब्युरेटरच्या गाडीला चालणारी नळी इंजेक्शनच्या दाबाला चालत नाही. ती सुरुवातीला काही दाखवत नाही. उन्हात कडक होते, क्लिपपाशी चिरते, मग पेट्रोल थेंबानं येत नाही, फवाऱ्यानं येतं. खाली लाल झालेला एक्झॉस्ट. पुढचं मी लिहीत नाही.

ब्लोअर मुळात मोटारीसाठी नव्हता. अमेरिकेत इंडियानामधल्या रूट्स बंधूंनी तो १८६० मध्ये काढला आणि भट्ट्यांना वारा घालायला लोकांनी तो उचलला. मर्सिडीजनं गाड्यांवर ब्लोअर मांडून दाखवला तो १९२१ मध्ये. भट्टीचा वारा आपल्यालाही नवा नाही. आपल्या माण-खानापूर-आटपाडीची पोरं सोनं गाळायच्या, गलाईच्या धंद्यात देशभर गेली, त्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचार: भाता जोरात मारला की सोनं वितळायच्या आधी मूस तडकते. मूस सांभाळून भाता मारायला शिकायलाच पोरांची वर्षं जातात.

तू म्हणशील, देवराष्ट्र्याच्या लोहारांनी काय केलं मग? दत्तात्रय लोहारांनी भंगारातून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली, आनंद महिंद्रांनी २०२१ च्या डिसेंबरात तिचं कौतुक केलं आणि जानेवारीत तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. मलाही त्या माणसाचं फार कौतुक आहे. पण महिंद्रांनी त्याच वेळी हेही लिहिलं होतं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावर चालवू देणार नाहीत. शिवाय लोहारांची जीप होती गावातल्या गावात पोराला फिरवण्यापुरती. तू ताशी शंभरच्या पुढं जातोयस, अंधारात. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम तू वाचलेलं नसशील. कंपनीनं दिलेल्या रचनेत असा बदल करता येत नाही, आणि १८२ अ खाली प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. दंड मी भरेन. पण काही झालं तर विमावाले हात वर करतील, आणि समोरच्या गाडीत कुणाचं तरी पोर असेल, त्याचं काय करायचं?

आणि आता ऐकतोय की ही गाडी घेऊन तू सिद्धनाथाच्या रथाला येणार. पुण्याहून रात्री निघून पहाटे म्हसवडात. तसं अजिबात करायचं नाही. रस्ता रुंद झाला म्हणून तुम्हा पोरांना वाटतं मोकळा आहे. ऊसतोड सुरू झालीय, मागं दिवा नसलेल्या ट्रॉल्या गोंदवल्यापासून उभ्या असतात. धनगरांची मेंढरं पहाटे रस्ता ओलांडतात. रथाच्या दिवशी तर गावात पाय ठेवायला जागा नसते, तुला ठाऊक आहे. त्या गर्दीत पेट्रोल गळणारी गाडी आणणार तू?

फार बोललो. मला इतकं का लागतं ते सांगतो, हे तुझ्या आईलाही नीट माहीत नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी तुझ्यापेक्षा बराच लहान होतो. घरातले सगळे खडी फोडायला, मिलोची भाकरी खायची आणि पुन्हा कामावर. दुष्काळ सरला आणि पुण्याच्या एका मोठ्या कारखान्यातून मला उमेदवारीचं पत्र आलं. तीन वर्षं शिकवणार होते, ड्रॉइंग, माप, धातू, सगळं. बापूंनी पत्र वाचलं आणि माझ्याकडं न बघता ते देव्हाऱ्यात ठेवलं. घरात कमावतं कुणी नव्हतं. मी गेलो नाही, इथंच पंप दुरुस्तीला लागलो. पोट भरलं, तुझ्या मामीनं संसार नेटका केला, तक्रार नाही. पण आयुष्यभर मी इंजिनं कानानं दुरुस्त केली. काय बिघडलंय ते मला कळायचं, का बिघडलंय ते पुस्तकात लिहिलेलं असतं हे फार उशिरा कळलं. तेव्हा शिकलो असतो तर आज तुला ही पत्रातली आकडेमोड वीस वर्षांपूर्वीच शिकवली असती. तुझ्याकडं ते सगळं आहे. डिप्लोमा आहे, चाकणमध्ये रोज मापाच्या मशिनांवर तुझा हात आहे. तू अंदाजानं काम करावंस हे मला सहन होत नाही, दुसरं काही नाही.

मी तुला ब्लोअर काढून टाक म्हणत नाही. तसं लिहायला घेतलं होतं, मग तुझा व्हिडिओ पुन्हा बघितला. किती दिवसांनी तू असा मोकळा हसताना दिसलास. दाजी गेल्यापासून तुझ्या तोंडावर ते हसू मी पाहिलं नव्हतं. ते माझ्यामुळं जाऊ नये.

म्हणून असं कर. आजच्या आज बेल्ट काढून ठेव. ब्लोअरला वळसा घालून हवा जुन्या वाटेनं घे आणि गाडी मूळ इंजिनावर ठेव. ती नळी काढून फेक आणि इंजेक्शनची, दाबाचा आकडा छापलेली नळी टाक, एक्झॉस्टपासून लांब नेऊन, योग्य क्लिपांनी. स्क्रूनं आवळायची, खाचांच्या पट्टीची जुनी क्लिप कापते रबराला, ती नको. सीटच्या मागं आग विझवायची बाटली बांध. मग पुढचं आपण दोघं मिळून बघू. मोठे इंजेक्टर, जादा दाब वाचणारा सेन्सर, ट्यून करता येणारा कॉम्प्युटर, मधे इंटरकूलर, आणि दाब सुरुवातीला पाव बार, जास्त नको. घाई कुणाला आहे? चाचणी रस्त्यावर नाही, डायनोवर घेऊ, आणि पळवायचीच असेल तर कोइमतूरला कारीचा ट्रॅक आहे, तिथं हेल्मेट घालून पळव. आपले गलाईवाले तिथं आहेत, उतरायची सोय होईल. मी येईन तुझ्याबरोबर. खर्चाचं बोलायचं नाही, शेळ्यांचे पैसे आलेत.

रथाला एसटीनं ये. अक्का तुझी वाट बघते, पुरणाचं सामान तिनं आत्ताच भरून ठेवलंय आणि तू येणार म्हणून घर सारवायला काढलंय. ती गाडीचं विचारेल तेव्हा काय सांगायचं ते तू ठरव, मी मधे पडणार नाही. फक्त रविवारी तिला फोन कर, पाच मिनिटं का होईना. मागच्या दोन रविवारी तू केला नाहीस आणि ती काही बोलली नाही, पण जेवली नाही नीट.

आणि गाडी नीट झाली की मला एकदा शेजारी बसव. गुडघे आता फारसे वाकत नाहीत, इतक्या खालच्या सीटवर बसायला धरावं लागेल तुला. माझ्या आयुष्यात मी ब्लोअरचं पेट्रोल इंजिन कधी ऐकलेलं नाही, मोबाईलमध्ये ऐकलं तेवढंच. तुझ्या हातचं ऐकायचंय.

मामी आशीर्वाद सांगते. थंडी पडलीय, स्वेटर वापर.

तुझा,
मामा