अरण्यातील आरोग्यदूत

महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवर, जेथे वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि इंद्रावती गोदावरीला मिळते, तो सारा मुलूख अरण्याचा आहे. साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबू यांच्या दाटीत लहान लहान गावे वसलेली आहेत. पूर्वी हा सर्व प्रदेश चंद्रपूर, म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्यात मोडत असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचा पूर्वेकडील भाग वेगळा काढून गडचिरोली हा नवा जिल्हा निर्माण करण्यात आला. गोंड व माडिया लोकांची येथे मोठी वस्ती आहे. भाताची शेती आणि रानातील उत्पन्न यांवर त्यांचा चरितार्थ चालतो. पावसाळ्यात ओढेनाले भरून वाहू लागले, की कित्येक गावांची वाट बंद होते. अशा वेळी घरात कोणी आजारी पडले, तर जवळ वैद्य नाही आणि दूर जावे तर रस्ता नाही, अशी लोकांची स्थिती होत असे.

या जिल्ह्यात १९८६ साली एक तरुण डॉक्टर दांपत्य राहावयास आले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ही त्यांची नावे. राणीबाई मूळच्या चंद्रपूरच्याच. अभय यांचे बालपण वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे गेले. त्यांचे वडील ठाकुरदास बंग हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १९४५ साली ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस निघाले असता महात्मा गांधींचा आशीर्वाद घेण्यास गेले. अर्थशास्त्र शिकावयाचे असेल तर भारताच्या खेड्यांत जा, अशा अर्थाचे एकच वाक्य गांधीजी बोलले. ठाकुरदासांनी परदेशाचा बेत तेथेच सोडून दिला आणि ते खेड्याकडे वळले. अशा पित्याच्या घरी वाढलेल्या मुलांवर निराळा संस्कार झाला नसता तरच नवल! अभय तेरा वर्षांचे असतील-नसतील, तेव्हाची गोष्ट. ते आणि त्यांचे वडील बंधू अशोक आपण मोठेपणी काय करावे याविषयी बोलत होते. खेड्यांना मुख्य गरज कशाची आहे? अन्नाची आणि आरोग्याची. तेव्हा वडील बंधूंनी शेती सुधारण्याचे काम पत्करले आणि धाकट्याने आरोग्याचे. मुलांचे असे संकल्प पुष्कळदा चार दिवसांत विरून जातात. हा मात्र टिकला.

अभय आणि राणी या दोघांनी नागपूर येथे वैद्यकीय शिक्षण घेतले आणि परीक्षांत मोठे यश मिळविले. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. मोठ्या शहरात त्यांना मान आणि पैसा, दोन्ही सहज लाभले असते. परंतु ज्या कामासाठी विद्या घेतली, ते काम त्यांना गडचिरोलीच्या रानात दिसत होते. तेथे त्यांनी ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. संस्थेच्या कामाचा आरंभ तेंदूपानांच्या एका गोदामात झाला.

हेतू चांगला असला म्हणजे कामाची दिशा आपोआप सापडतेच, असे नाही. प्रारंभी बंग दांपत्याने रक्तातील एका आनुवंशिक दोषाचा, सिकलसेल या रोगाचा अभ्यास केला. अभ्यास शास्त्रशुद्ध होता, निष्कर्षही महत्त्वाचे होते. पण गावकऱ्यांना त्यात विशेष गोडी वाटेना. त्यांची दुखणी वेगळीच होती आणि ती कोणती, हे त्यांना कोणी विचारले नव्हते! तेव्हापासून प्रथम लोकांना विचारावयाचे आणि मग काम ठरवावयाचे, असा नियम या दोघांनी स्वतःस घालून घेतला.

या नियमाचे फळ लवकरच दिसले. आदिवासींसाठी रुग्णालय बांधावयाचे होते. ते कसे असावे, असे गावच्या प्रमुखांना विचारले. ते म्हणाले, मोठ्या इमारतींची आम्हांला भीती वाटते. तेथील डॉक्टर आणि परिचारिका पांढरे कपडे घालतात. आम्ही तर मृताला पांढऱ्या वस्त्रात गुंडाळतो. शिवाय रोग्याच्या नातेवाइकांना तेथे राहू देत नाहीत. हे ऐकून, चातगावजवळ ‘शोधग्राम’ येथे खेड्यातील घरांसारख्या झोपड्यांचे रुग्णालय उभारण्यात आले. रोग्यासोबत त्याच्या माणसांना राहता येईल, अशी तेथे सोय केली. गोंडांच्या आराध्यदेवतेच्या नावावरून त्याचे नाव ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’ असे ठेवले. परके वाटणारे रुग्णालय अशा रीतीने लोकांचे आपले झाले.

एके दिवशी दोन स्त्रिया एका तान्ह्या बाळाला घेऊन डॉ. अभय यांच्या घरी धावत आल्या. बाळाची हाडे दिसत होती. डॉक्टर त्याला तपासतात न तपासतात, तोच त्याचा श्वास थांबला. हे बाळ का गेले? डॉक्टर कारणे मोजू लागले. घरची गरिबी, गरोदर मातेची उपासमार, तिला आलेला हिवताप, दारूचे व्यसन, अंधश्रद्धा, पुराने अडविलेली वाट... अशी एकूण अठरा कारणे निघाली! गरिबी नाहीशी होईल, प्रत्येक नाल्यावर पूल होईल, सगळे लोक सुशिक्षित होतील, तोवर बाळांनी मरतच राहावयाचे काय? या विचाराने सामान्य माणूस हताश झाला असता. परंतु डॉक्टरांच्या ध्यानात आले, की ही अठरा कारणे म्हणजे एका साखळीचे दुवे आहेत. साखळी तोडावयास सगळे दुवे तोडावे लागत नाहीत. आपल्या हाताने तुटेल असा एक दुवा तुटला तरी पुरे. सर्वच कामांना एकदम हात घालण्याऐवजी एक काम निवडून त्यावर सारे लक्ष केंद्रित करणे, याचेच नाव एकाग्रता.

तो दुवा कोणता, हे शोधण्यासाठी १९९५-९६ या वर्षी ३९ गावांतील ७६३ नवजात बालकांची काळजीपूर्वक नोंद ठेवण्यात आली. बहुतेक बाळे घरीच जन्मली होती. निम्म्याहून अधिक बाळांना पहिल्या महिन्यात वैद्यकीय मदतीची गरज पडली. पण ती मिळाली शंभरांतील तिघांनाही नाही. दवाखाना दूर होता, आणि बाळंतीण व तान्हे बाळ यांना घराबाहेर काढावयाचे नाही, अशी रीत होती. बाळ दवाखान्यात येत नसेल, तर दवाखान्यानेच बाळाच्या घरी गेले पाहिजे, हे उघड होते. पण गावोगावी डॉक्टर कोठून आणावयाचे?

त्याचे उत्तर गावातच मिळाले. प्रत्येक गावातून पाच ते दहा इयत्ता शिकलेली एक स्त्री निवडण्यात आली. तिला नाव दिले ‘आरोग्यदूत’. बाळाचे वजन कसे करावे, त्याचा ताप कसा पाहावा, त्याला उबदार कसे ठेवावे, आईचे दूध लवकर कसे सुरू करावे, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यावा, हे सारे त्या शिकल्या. न्यूमोनिया ओळखण्यासाठी बाळाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक वेळा चालू लागला, की ते धोक्याचे चिन्ह होय. पण ज्या सुइणींना मोजता येत नव्हते, त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी एक साधे उपकरण तयार करण्यात आले. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याच्या आत तांबडा मणी सरकला, तर बाळाला औषध हवे, असे समजावयाचे. दहापर्यंत मोजता आले, की न्यूमोनिया ओळखता आला!

तान्ह्या बाळांना होणारा जंतुदोष हा सर्वांत घातक. त्यावर औषधाची सुई टोचावी लागते. खेड्यातील, थोडे शिकलेल्या बाईच्या हाती सुई द्यावयाची, ही कल्पना पुष्कळ जाणत्या लोकांना पटली नाही; आणि त्यांची शंका अगदीच अनाठायी होती, असे म्हणता येणार नाही. चूक झाली असती तर बाळाच्या जिवाशी गाठ होती. म्हणून आरोग्यदूतांना कसून शिकविण्यात आले. डॉक्टर नियमितपणे गावी जाऊन त्यांचे काम व नोंदी तपासत. तेव्हा कोठे आईवडिलांच्या संमतीने त्या सुई टोचू लागल्या.

परिणाम काय झाला? १९९३ ते १९९५ या काळात त्या ३९ गावांत जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत असत. १९९७-९८ मध्ये ही संख्या सुमारे २५ वर आली. जवळच्या ज्या ४७ गावांत केवळ नेहमीची सरकारी सेवा चालू होती, तेथे मात्र मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ पूर्वीइतकेच राहिले. जंतुदोष झालेल्या शंभर बाळांपैकी पूर्वी सोळा-सतरा मरत. आता तीनही मरेनात. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि गडचिरोलीच्या रानातील खेड्यांकडे दूरदूरच्या देशांचे लक्ष गेले.

विद्या दिल्याने वाढते, हे आपण नेहमी ऐकतो. बंग दांपत्याने ते करून दाखविले. डॉक्टरचे ज्ञान डॉक्टरपाशीच राहिले पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला नाही; ते सुइणीच्या आणि शेतमजूर बाईच्या हाती मोकळ्या मनाने सोपविले. द्रव्याचे दान थोर खरे. परंतु आपल्या विद्येने दुसऱ्यास समर्थ करणे हे त्याहून थोर औदार्य होय. खरा पुढारी आपल्यावाचून काम अडावे असे इच्छीत नाही. आपल्यावाचूनही ते चालावे, अशी तजवीज तो करतो. २०११ साली भारत सरकारने नवजात बालकांच्या घरी जाऊन सेवा करण्याची ही पद्धत देशभरातील ‘आशा’ कार्यकर्त्यांसाठी स्वीकारली. त्यांतील बहुतेकींनी गडचिरोली कधी पाहिलेही नसेल. तरी बाळाच्या घरी जाऊन त्या जे काम करतात, त्याचा एक धागा त्या ३९ गावांतील आरोग्यदूतांपर्यंत पोहोचतो.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांना २००३ साली ‘महाराष्ट्र भूषण’ आणि २०१८ साली ‘पद्मश्री’ हे सन्मान मिळाले. ते योग्यच झाले. पण त्या आरोग्यदूत बायांची नावे फारशी कोणास ठाऊक नाहीत. भर पावसात, चिखल तुडवीत, हाती वजनकाटा व औषधांची पेटी घेऊन त्या शेजारणीच्या अंधाऱ्या खोलीत गेल्या, आणि एक मिनिटभर बाकी सर्व विसरून त्यांनी एका चिमुकल्या छातीकडे लक्ष लावले. तेवढ्या एका मिनिटात पुष्कळदा एका आयुष्याचा निर्णय झाला.

अभ्यास

१. गडचिरोली जिल्ह्यातील गावकऱ्यांना आजारपणात कोणत्या अडचणी येत?

२. सिकलसेलच्या अभ्यासातून बंग दांपत्याने कोणता धडा घेतला? तो पुढे कोठे उपयोगी पडला?

३. ‘साखळी तोडावयास सगळे दुवे तोडावे लागत नाहीत.’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

४. आरोग्यदूतांच्या हाती सुई देण्याविषयी लोकांना शंका का वाटली? तुमचे मत कारणांसह लिहा.

५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : चरितार्थ, संकल्प, हताश, अनाठायी, तजवीज.

६. आपल्या गावातील अथवा वस्तीतील आशाताईंना भेटा. त्या नवजात बाळाच्या घरी किती वेळा जातात आणि तेथे काय काय पाहतात, हे विचारून दहा ओळी लिहा.