“मॅडम शिकवतच नाहीत”

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी एका मुलीचे वडील कॉलेजात आमच्या भौतिकशास्त्र विभागात आले. चपला दाराबाहेर काढल्या, खुर्चीच्या कडेवर टेकले आणि चाचरत म्हणाले, “मॅडम, राग मानू नका. पोरगी म्हणते, तुम्ही शिकवतच नाही. व्हिडिओ घरी बघा म्हणता अन् वर्गात नुसती चर्चा. फी तर आम्ही पूर्ण भरलीय.”

राग आला नाही, कारण पोरीचं म्हणणं निम्मं खरं होतं. तुम्हा पालकांपैकी बऱ्याच जणांच्या मनात हेच असणार, म्हणून मोकळेपणानं बोलते.

मी कैक वर्षं फळा भरून भौतिकशास्त्र शिकवलं. मुलं उतरवून घ्यायची आणि पेपरात तसंच उतरवायची. मग एकदा सहज विचारलं : उसाचा ट्रक आणि मोटारसायकल समोरासमोर धडकली, तर कोण कुणावर जास्त बल लावतं? जवळजवळ सगळे हात ट्रकच्या बाजूनं! न्यूटनचा तिसरा नियम प्रत्येकाच्या वहीत होता, लाल शाईनं अधोरेखित केलेला. हार्वर्डच्या एरिक माझुर या प्राध्यापकांनाही १९९० च्या सुमारास असाच दणका बसला होता, हे नंतर वाचलं तेव्हा जरा हायसं वाटलं.

आता मी व्हिडिओ घरी बघायला सांगते आणि वर्गात असा प्रश्न टाकून उत्तर सांगत नाही. “शेजारणीला पटवून दे,” एवढंच म्हणते. वर्गाचा मासळीबाजार होतो. तुमची मुलगी ज्याला ‘नुसती चर्चा’ म्हणते ना, ती ही. त्या कलकलाटात कुणीतरी म्हणतं, “अगं, बल सारखंच! मोटारसायकल हलकी म्हणून ती उडते.” या एका वाक्यासाठी मी वीस मिनिटं तोंड मिटून बसलेली असते. बोलण्यापेक्षा ते फार जड जातं, विश्वास ठेवा.

मुलांना मात्र वाटतं, आज काहीच शिकलो नाही. हार्वर्डमध्येच याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. काही तासांना उत्तम व्याख्यान, काही तासांना मुलांनीच डोकं लढवायचं. डोकं लढवणाऱ्यांना गुण जास्त पडले. आपण जास्त शिकलो असं वाटलं ते व्याख्यान ऐकणाऱ्यांना. छान ऐकलं की समजल्यासारखं वाटतं, आणि अडखळलं की आपण ढ आहोत असं वाटतं. घरी येऊन मूल तक्रार करतं ती या दुसऱ्या भावनेची.

ऑनलाइन अभ्यासक्रमाचंही तेच : व्हिडिओ बघितला की समजल्यासारखं वाटतं. ‘स्वयम्’ हे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ २०१७ पासून आहे, आयआयटीवाल्यांचं ‘एनपीटीईएल’ त्याच्याही आधीचं. नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत, आणि २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले चाळीस टक्क्यांपर्यंत विषय अशा अभ्यासक्रमांतून घेता येतात. एनपीटीईएलमध्ये दर आठवड्याच्या असाइनमेंटला मिळून २५ गुण, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. असाइनमेंटची उत्तरं मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये आयती फिरतात, हे तुम्हाला माहीत नसेल. आम्हाला माहीत आहे. पंचवीसपैकी चोवीस मिळवलेला मुलगा परीक्षेत पास होण्यापुरते तीस गुणही न मिळवता परत आलेला मी पाहिलाय.

म्हणून मुलीचा मोबाइल हिसकावू नका आणि डोक्याशी उभंही राहू नका. “किती व्हिडिओ झाले?” हा प्रश्न तर विचारूच नका, त्याला खोटं उत्तर देणं फार सोपं असतं. जेवताना विचारा, “आज कुठं अडलीस?” आणि तिला समजावून सांगू द्या. तुम्हाला विज्ञान येत नाही? उलट बरंच. तुम्हाला कळेल असं सांगताना तिच्या समजुतीतली फट तिलाच दिसते. घरात एकच मोबाइल असेल, तर तासभर तो तिचाच, एवढं मात्र घरातल्या सगळ्यांना बजावा.

त्या वडिलांना मी हेच सांगितलं होतं. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. पोरीनं गोठ्यात, धारा काढता काढता त्यांना ट्रक आणि मोटारसायकलचं सांगितलं म्हणे. मग दोघांची जुंपली.

“मॅडम,” ते म्हणाले, “मला अजून पटलेलं नाही. उद्या पुन्हा सांगणाराय ती.”